नियम कुणाचा, कितवा, कधीचा?



आज कोर्टाविषयी बोलायचं आहे. कोर्ट म्हटल्यावर रेडिओचा आवाज लहान करू नका. आज भांडणाच्या गोष्टी सांगायच्या नाहीत, कुणाचा निकाल काय लागला तेही सांगायचं नाही. आज बोलायचं आहे ते तीन शब्दांविषयी. कचेरीच्या खिडकीपाशी, टायपिंगवाल्याच्या टेबलापाशी, झेरॉक्सच्या दुकानात आपण सगळ्यांनी ते ऐकलेले आहेत. ते शब्द म्हणजे, “असा नियम आहे.”

हे शब्द कानावर पडले की बाई मागे फिरते. दिवसाची मजुरी बुडालेली असते, एसटीचे अर्ध्या तिकिटाचे का होईना, पैसे गेलेले असतात. घरी येऊन ती सांगते, “नियमात बसत नाही म्हणाले.” कुणाच्या नियमात, ते तिला ठाऊक नसतं. कित्येकदा सांगणाऱ्यालाही ठाऊक नसतं. त्याला त्याच्या आधीच्या माणसाने सांगितलेलं असतं, तो पुढे सांगतो.

आम्ही बचत गटांचं काम करणाऱ्या बायका, वकील नव्हे. पण पोटगी, घरातली मारहाण, स्त्रीधन अशा कामांसाठी गटातल्या बायकांबरोबर कोर्टाच्या पायऱ्या चढायची वेळ येत गेली. त्यातून आम्हाला एक सवय लागली. कुणी “असा नियम आहे” म्हटलं की आम्ही तीन प्रश्न विचारतो. नियम कुणाचा? नियम कितवा? नियम कधीचा? आजचं बोलणं या तीन प्रश्नांचं आहे. वही-पेन जवळ असेल तर घ्या, काही सालं आणि कलमं लिहून ठेवण्यासारखी आहेत.

आधी आपल्या गटाकडेच बघू. बैठकीला उशीर झाला तर दंड किती, हे कोण ठरवतं? गट. एका गटात पाच रुपये, शेजारच्या गटात दहा. पण बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब ही पंचसूत्री काही गटाने ठरवलेली नाही, ती वरून आली. ग्रामसंघाची वर्गणी ग्रामसंघात ठरते. बँकेच्या कर्जाचा व्याजदर तर गटही ठरवत नाही आणि ग्रामसंघही नाही. उद्या एखादी नवी सचिव म्हणाली, “आपण ठराव करून बँकेचं व्याज कमी करू,” तर आपण हसू. आणि बँकेचे साहेब म्हणाले, “उशिराचा दंड वीस रुपये करा,” तर आपण म्हणू, “साहेब, ते आमचं आम्ही बघू.” कोणता नियम कुणाच्या हातातला, हे आपल्याला पाठ असतं. कारण रजिस्टर आपल्या हातात असतं.

कोर्टाचंही असंच आहे. फक्त ते रजिस्टर आपण कधी उघडून बघितलेलं नसतं.

आपला देश संघराज्य आहे. शाळेत नागरिकशास्त्रात आपण तीन याद्या घोकल्या होत्या. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत त्या आहेत. एक केंद्राची, एक राज्याची आणि तिसरी समवर्ती, म्हणजे दोघांची मिळून. परीक्षा झाली आणि आपण त्या विसरलो. पण कोर्टात गेलं की त्याच याद्या समोर उभ्या राहतात.

लग्न, घटस्फोट, वारसा, दिवाणी कामाची पद्धत, फौजदारी कामाची पद्धत हे विषय समवर्ती यादीत आहेत. त्यांचे मूळ कायदे बहुतेक दिल्लीत होतात. राज्याला त्यात स्वतःपुरती दुरुस्ती करता येते, आणि ती केंद्राच्या कायद्याच्या विरुद्ध जात असेल तर राष्ट्रपतींची संमती घ्यावी लागते. कोर्टाची फी मात्र, एक सर्वोच्च न्यायालय सोडलं तर, राज्याच्या यादीत आहे. म्हणून एकाच केंद्रीय कायद्याखालचा दावा इथे लावला तर फी एका हिशेबाने, आणि पलीकडे कर्नाटकात लावला तर दुसऱ्या हिशेबाने.

त्याखाली येतं उच्च न्यायालय. घटनेच्या कलम २२७ ने उच्च न्यायालयाला खालच्या कोर्टांवर देखरेख करण्याचा आणि त्यांच्या कामाचे नियम व नमुने ठरवून देण्याचा अधिकार दिला आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ सालची, साऱ्या देशाची. पण तिला जोडलेले जे नियम आहेत, त्यांत कलम १२२ प्रमाणे प्रत्येक उच्च न्यायालय आपल्यापुरते बदल करू शकतं. वकिलांकडच्या जाड पुस्तकात एखाद्या नियमाखाली बारीक अक्षरात ‘मुंबई’, ‘कर्नाटक’, ‘अलाहाबाद’ असं छापलेलं असतं, ते हेच. आणखी एक गंमत बघा. मुंबई उच्च न्यायालय महाराष्ट्राचं आहे आणि गोव्याचंही आहे. पण सरकारं दोन. म्हणून उच्च न्यायालय एकच असलं तरी महाराष्ट्र सरकारने दिलेली फीमाफी गोव्यात चालत नाही.

अमेरिकाही संघराज्यच आहे, पण तिथे केंद्राची कोर्टं वेगळी आणि राज्यांची वेगळी. आपल्याकडे शिडी एकच. तालुक्याचं कोर्ट, जिल्ह्याचं, उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय. कायदा दिल्लीचा असो की मुंबईचा, आपण जातो ती खिडकी तीच. ही सोय आहे, पण गोंधळही इथेच होतो. खिडकी एक, आणि तिथे मागितलेले कागद तीन-चार ठिकाणांच्या नियमांनी. समोरचा माणूस त्या सगळ्यांना एकच नाव देतो, नियम.

म्हणून पहिला प्रश्न, नियम कुणाचा?

प्रतिज्ञापत्राचं उदाहरण घेऊ. आमच्या गटातल्या एकीला पोटगीच्या अर्जासोबत प्रतिज्ञापत्र द्यायचं होतं. एका कचेरीबाहेर तिला सांगण्यात आलं, पाचशेचा स्टॅम्प पेपर आणा, असा नियम आहे. तिची दोन दिवसांची कमाई ती. आता इथे नियम कुणाचा? असल्या कागदावरच्या मुद्रांक शुल्काचा दर राज्य ठरवतं. म्हणजे राज्याचा कागद शोधायचा. तो सापडतो १ जुलै २००४ चा. जात, उत्पन्न, वास्तव्य आणि राष्ट्रीयत्वाच्या दाखल्यांसाठी, तसंच कोणत्याही शासकीय कार्यालयात किंवा न्यायालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रांवरचं मुद्रांक शुल्क महाराष्ट्र शासनाने तेव्हाच माफ केलं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराच्या जागी पाचशे रुपये झाले, त्याने पुष्कळ ठिकाणी घोटाळा झाला. पण दर वाढला म्हणून माफी गेली नाही. साध्या कागदावर प्रतिज्ञापत्र चालतं. नोटरीकडे गेलात तर त्याची फी वेगळी, ती या माफीत येत नाही. आमची ती ताई त्या अधिसूचनेची प्रत घेऊन पुन्हा गेली, आणि साध्या कागदावरचं प्रतिज्ञापत्र घेतलं गेलं. पाचशे रुपये वाचले म्हणजे तिच्या घरचा दहा दिवसांचा भाजीपाला आला.

आता दोन बहिणींची गोष्ट सांगतो. दोघींची नावं सांगत नाही.

थोरली आमच्याच एका गटातली. नांदणं जमलं नाही, ती माहेरी आली. माहेरून दिलेले दागिने, भांडी, कपाट, सगळं सासरी राहिलं. ते परत मिळावं म्हणून दावा लावायचा, तर सांगण्यात आलं की वस्तूंच्या किमतीवर कोर्ट फी बसेल, हजारांत जाईल. आकडा ऐकून ती म्हणाली, “जाऊ द्या ताई, गेलं ते गेलं.” स्वतःच्याच दागिन्यांवर पाणी सोडायला ती तयार झाली होती, कारण फी भरायला हातात पैसे नव्हते.

फी म्हणजे राज्याचा विषय. महाराष्ट्राचा न्यायालय फीचा कायदा १९५९ चा. त्याच्या कलम ४६ ने राज्य सरकारला फी कमी करण्याचा किंवा माफ करण्याचा अधिकार आहे. तो वापरून सरकारने १ ऑक्टोबर १९९४ रोजी अधिसूचना काढली. पोटगी, मिळकतीचे वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या चार प्रकारच्या कामांत स्त्रियांना कोर्ट फी माफ. दिवाणी, कौटुंबिक आणि फौजदारी, तिन्ही कोर्टांत. पुढे त्यात दुरुस्ती होऊन मिळकतीचे वाद वैवाहिक संबंधातून निघालेले असले पाहिजेत, असं बंधन आलं. स्त्रीधनाचा दावा त्यात बसतो. भावाशी शेताच्या वाटणीचा वाद असेल तर मात्र याच कागदावर विसंबून राहू नका. थोरलीच्या वकीलबाईंनी अर्जात ती अधिसूचना लिहिली आणि फीशिवाय दावा दाखल झाला. निकाल अजून लागायचा आहे. पण दावा उभा आहे.

धाकटी बेळगाव जिल्ह्यात दिलेली. तिचंही तसंच झालं. थोरलीने आपल्या अधिसूचनेची झेरॉक्स तिला पाठवली. ती घेऊन धाकटी तिकडच्या कोर्टात गेली. तिथल्या कारकुनाने कागद उलटसुलट बघितला आणि म्हणाला, “ही महाराष्ट्राची आहे, इथे नाही चालत.” मैत्रिणींनो, तो माणूस बरोबर होता. कर्नाटकाचा कोर्ट फीचा कायदा वेगळा आहे, १९५८ चा. दोघी बहिणींचं लग्न एकाच मांडवात लागलेलं, दोघींना लागू होणारा हिंदू विवाह कायदाही एकच, पण फीच्या बाबतीत मधल्या चेकपोस्टपाशी नियम बदलला.

मग धाकटीने काय करायचं? केंद्राचा असा कायदा शोधायचा, जो दोन्हीकडे चालतो. तो आहे विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ चा. त्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, तिचं उत्पन्न किती हे बघायचं नाही. उत्पन्नाची मर्यादा इतर काहींनाच, आणि ती राज्याराज्यानुसार वेगळी. या मदतीत नुसता वकील येत नाही. कोर्ट फी, समन्सची फी, नकला, कागदपत्रांचं भाषांतर, हा खर्चही येतो. धाकटीचे सगळे कागद मराठीत आणि कोर्टाची भाषा कन्नड, म्हणजे भाषांतराचा खर्च फीइतकाच जड होता. तिने तिथल्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज केला. थोरलीला राज्याच्या कागदाने तारलं, धाकटीला केंद्राच्या. दोघींनी एकच कागद धरून ठेवला असता तर एक जण नक्की मागे राहिली असती.

भाषेचं निघालं म्हणून सांगतो. आपल्या खालच्या कोर्टांची भाषा मराठी ठरली आहे, तीही राज्य सरकारच्या १९९८ च्या अधिसूचनेने. तेव्हा तालुक्याच्या कोर्टात “अर्ज इंग्रजीतच पाहिजे” असं कुणी म्हणालं तर तिथेही विचारा, हा नियम कुणाचा? उच्च न्यायालयाची भाषा मात्र घटनेनेच इंग्रजी ठेवलेली आहे.

दुसरा प्रश्न, नियम कितवा? म्हणजे कायदा कोणता आणि कलम किंवा नियम क्रमांक किती. हा प्रश्न भांडायला विचारायचा नसतो. नंबर मिळाला की शोधता येतं, एवढ्यासाठी विचारायचा. “कायद्यात आहे” म्हणणं म्हणजे “गावात राहतो” म्हणण्यासारखं. घर नंबर पाहिजे.

कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा बघा, २००५ चा. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. कुठलाही कायदा हातात आला की आम्ही शेवटची पानं आधी बघतो. तिथे ‘नियम करण्याचा अधिकार’ असं कलम असतं. या कायद्यात ते कलम ३७ आहे आणि अधिकार केंद्र सरकारला आहे. म्हणून या कायद्याचे २००६ चे नियम आणि त्यातले नमुने साऱ्या देशात सारखे. उलट कुटुंब न्यायालय कायदा १९८४ चा घ्या. त्यात कलम २१ ने उच्च न्यायालय नियम करतं, २२ ने केंद्र सरकार आणि २३ ने राज्य सरकार. म्हणजे कुटुंब न्यायालयाचं काही शोधायचं असेल तर तीन दारं ठोठवावी लागतात. हे एक पान वाचलं की कुठल्या दाराशी जायचं ते कळतं, आणि हेलपाटे वाचतात.

आता नंबराचा उपयोग बघा. एका ताईला सांगितलं गेलं की छापील फॉर्म संपले, नवीन येईपर्यंत हिंसाचाराचा अर्ज घेता येणार नाही. तर २००६ च्या नियमांतला नियम ६ बघायचा. अर्ज नमुना दोन मध्ये, किंवा होईल तितका त्याच्या जवळचा असावा, असं तो म्हणतो. म्हणजे हाताने लिहिलेलाही चालतो. अर्ज तयार करायला संरक्षण अधिकाऱ्याची मदत मागता येते, आणि बाईला वाचता येत नसेल तर अधिकाऱ्याने तिला अर्ज वाचून, समजावून सांगायचा, हेही त्याच नियमात आहे. दुसरं, अर्ज कुठे करायचा? कलम २७ सांगतं, बाई जिथे राहते तिथे, मग ते राहणं तात्पुरतं असलं तरी चालतं. तिसरं, आदेशाची नक्कल. कलम २४ सांगतं, ती दोन्ही बाजूंना फुकट द्यायची. ही तीन कलमं वहीत लिहा. ६, २७ आणि २४. पहिला नियमांतला, पुढची दोन कायद्यातली.

दिवाणी दाव्याचंही एक सांगतो. दावा चुकीच्या कोर्टात आला म्हणून परत करायचा असेल, तर संहितेतल्या ऑर्डर सात, रूल दहा प्रमाणे न्यायाधीशांनी त्यावर लिहायचं असतं. दाखल कधी झाला, परत कधी केला, कुणी दाखल केला होता आणि परत का केला. म्हणजे “इथे होत नाही” असं तोंडी ऐकून घरी यायचं नाही. नम्रपणे म्हणायचं, “साहेब, जी त्रुटी असेल ती लिहून द्या, आम्ही दुरुस्त करून आणतो.” त्रुटी लिहून मिळाली की ती कुठल्याही वकिलाला दाखवता येते. तोंडी ऐकलेलं दाखवता येत नाही.

तिसरा प्रश्न, नियम कधीचा?

पोटगी म्हटलं की बायकांच्या तोंडी एकशे पंचवीस हा आकडा असतो. ते १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम. १ जुलै २०२४ पासून ती संहिता गेली आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. जुनं १२५ आता १४४ झालं. अर्ज कुठे करायचा ते सांगणारं जुनं १२६ आता १४५. “नवरा पुण्याला आहे ना, मग पुण्यालाच अर्ज करा,” असं कुणी म्हटलं तर १४५ वाचा. नवरा असेल तिथे, नवरा किंवा बायको राहते तिथे, किंवा दोघं शेवटी एकत्र राहिली तिथे अर्ज करता येतो. म्हणजे माहेरच्या तालुक्यातही करता येतो.

आमच्याकडच्या काही वयस्क बायका अजून म्हणतात, “पोटगी पाचशेच्या वर मिळत नाही, कशाला जाताय?” ही अफवा नव्हती, एकेकाळचा नियम होता. मूळ कायद्यात दरमहा पाचशे रुपयांची मर्यादा होतीच. महाराष्ट्राने १९९९ मध्ये आपल्यापुरती ती दीड हजार केली. २००१ मध्ये केंद्राने ती मर्यादाच सगळ्या देशासाठी काढून टाकली. आज कोर्ट नवऱ्याची ऐपत आणि बायको-मुलांची गरज बघून रक्कम ठरवतं. एकाच कलमाला तीन काळात तीन उत्तरं. ज्या आजीने पाचशे ऐकले तीही खरी आणि जिने दीड हजार ऐकले तीही खरी. पण आजचं उत्तर तिसरंच. म्हणून जुन्या पुस्तकातलं कलम काढलं तरी त्यात नंतर दुरुस्ती झाली का, हे बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आणि काही नियम कायद्याच्या पुस्तकात नसतातच, निकालात असतात. ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सांगितलं, की पोटगीच्या प्रत्येक कामात नवरा आणि बायको दोघांनी आपली मालमत्ता आणि देणी सांगणारं प्रतिज्ञापत्र द्यायचं. त्याचे नमुनेही निकालालाच जोडले आहेत. शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे, मेघालयासाठी तर आणखी वेगळा. आपल्याकडे पुष्कळदा असं होतं, की नवरा कोर्टात म्हणतो, “मला काहीच उत्पन्न नाही,” आणि सातबाऱ्यावर ऊस उभा असतो. शेतकऱ्यासाठीचा तो नमुना त्याच्याकडून भरून घ्या असं वकिलांना आठवणीने सांगा. जमीन किती, ओलिताची की कोरडवाहू, पीक कोणतं, गुरं आहेत का, हे त्यात शपथेवर लिहावं लागतं.

आता शोधायचं कुठे? आम्ही एक क्रम ठरवला आहे. आधी मूळ कायदा. तो इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर असतो, केंद्राचाही आणि राज्यांचाही. मग राज्याची दुरुस्ती, अधिसूचना आणि शासन निर्णय. शासन निर्णय राज्य सरकारच्या संकेतस्थळावर विभागवार आणि तारखेवार मिळतात, प्रत्येकावर संगणक सांकेतांक असतो, तो बघून कागद खरा की बनावट ते पडताळता येतं. तिसऱ्यांदा मुंबई उच्च न्यायालयाचं संकेतस्थळ. दिवाणी आणि फौजदारी कामाच्या नियमपुस्तिका तिथे आहेत, परिपत्रकंही आहेत. शेवटी आपल्या कोर्टाचा सूचना फलक, कारण खिडकीची वेळ, नकलांचा अर्ज कुठे द्यायचा, या गोष्टी तिथेच कळतात. आपल्या प्रकरणाची पुढची तारीख बघायची तर ई-कोर्ट्सचं ॲप आहे. त्यात सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक टाकायचा. तो क्रमांक वकिलांकडून मागून घ्या आणि गटाच्या वहीत नाही, स्वतःच्या वहीत लिहा.

एक खुलासा. कोर्टाच्या फायलीतली नक्कल माहितीच्या अधिकारात मागू नका. उच्च न्यायालयाने नकलांचे नियम केलेले असतील तर त्याच नियमांनी अर्ज करायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच स्पष्ट केलं आहे. एखाद्या सरकारी विभागाची अधिसूचना हवी असेल तर मात्र माहितीचा अधिकार चालतो.

हे सगळं एकीने करायचं काम नाही. नियम बरेचसे इंग्रजीत असतात. आमच्याकडे कॉलेजला जाणाऱ्या मुली ते वाचतात, मोठ्या बायका प्रश्न विचारतात. मुलीला शब्द कळतो आणि बाईला व्यवहार कळतो. दोन्ही एकत्र बसले की अर्थ लागतो.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. पहिली, मुदत. अपिलाची, दाव्याची मुदत चालू असते. नियम शोधत बसून ती घालवू नका. आधी वकील गाठा, शोध बरोबरीने चालू द्या. आपण कलम शोधलं म्हणून आपण वकील होत नाही. वकिलाशी बोलताना नेमका प्रश्न विचारता येतो, हा त्याचा उपयोग. दुसरी गोष्ट, व्हॉट्सॲपवर आलेला नियम. ज्याला तारीख नाही, क्रमांक नाही आणि विभागाचं नाव नाही, तो पुढे पाठवू नका. आणि खिडकीतल्या माणसाशी उर्मट बोलू नका. त्याच्यासमोर दिवसभर रांग असते. हातात कागद असला की आवाज चढवावा लागत नाही.

पुढच्या बैठकीत एक काम करा. गटाच्या पेटीत एक जाड फाईल ठेवा आणि तिच्यावर ‘नियमांची फाईल’ लिहा. सुरुवातीला पाच कागद पुरेत. १९९४ ची कोर्ट फी माफीची अधिसूचना तिच्या दुरुस्तीसह, २००४ ची प्रतिज्ञापत्रांची, हिंसाचाराच्या कायद्याचे २००६ चे नियम नमुन्यांसह, विधी सेवा कायद्याचं कलम १२, आणि पोटगीची कलमं १४४ व १४५. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तीन गोष्टी लिहा. कुणाचा, कितवा, कधीचा. दरवर्षी मार्चमध्ये गटाचा हिशेब तपासता, तेव्हा ही फाईलही तपासा. बदल झाला असेल तर जुना कागद काढून नवा घाला.

आणि एक नंबर फाईलच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. १५१००. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची ही मदतवाहिनी आहे. मोफत वकील कसा मिळेल, आपल्या तालुक्याची समिती कुठे बसते, हे तिथे विचारता येतं. फाईल जमली नाही, वाचायला कुणी मिळालं नाही, तरी एवढा नंबर तरी प्रत्येकीच्या घरी भिंतीवर असू द्या.

तुमच्या गटात ही फाईल झाली की आम्हाला कळवा. पाच कागदांखेरीज सहावा कोणता घातलात, तेही सांगा. तो आपण पुढच्या वेळी सगळ्यांना वाचून दाखवू.